तिसऱ्यांदा विचारल्यावर

ताटावर आडवा धरलेला एक हात. बोटं किंचित विलग, म्हणजे वाढणाऱ्याला वाटलंच तर फटीतून आमटी सोडता यावी.

टोमॅटोच्या आकाराचं, पीळ देऊन लावायचं किचनमधलं घड्याळ. कमीत कमी एक मिनिटाला लावता येतं. तीन सेकंदांना नाही.

तळमजल्यावरच्या भौमिकबाईंचं मांजर. नाव बुल्टी. मुक्काम तीन दिवस, वाढून नऊ.

चार काचेचे पेले. प्रत्येकात पांढरं आइस्क्रीम, वरून गरम चॉकलेट. माणसं पाच.

सुरुचीचा मेसेज, मराठीत पण इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं मोठी: आई या वेळी प्लीज.

कोलकात्यातल्या डमडमच्या एका इमारतीचा तिसरा मजला, सकाळचे दहा. डाव्या हातावर घडी घातलेला पंचा टाकून जेवणाच्या टेबलाशी वाकून उभा असलेला निवृत्त बँक अधिकारी.

आता हे नीट सांगायचं तर बेल्जियमपासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या जूनमध्ये शकुन आणि दत्तात्रय बेल्जियमला गेले. त्यांची एकुलती एक मुलगी सुरुची तिथे गेंट नावाच्या गावात नोकरी करते. तिथल्याच योरिस नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं, आणि योरिसच्या आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आईचं नाव मार्लेन. बोलावणं घरी नव्हतं, कालव्याकाठच्या एका जुन्या रेस्टॉरंटमध्ये होतं. शकुननं त्या दिवशी दुपारी मुद्दाम काही खाल्लं नाही. मुलीच्या सासरकडचं पहिलं जेवण, पोटात जागा हवी.

मार्लेननं पावाची टोपली पुढे केली. "घेणार?"

"नो, नो," शकुन म्हणाली.

मार्लेननं टोपली मागे घेतली.

शकुनला नवल वाटलं. टोपली इतक्या लवकर मागे जात नसते. शकुनचं माहेर वाईचं. तिथे पहिलं नको म्हणायचं ते आपण हावरट नाही हे कळावं म्हणून. दुसरं नको म्हणायचं ते समोरच्याला आग्रह करायला वाव मिळावा म्हणून. तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, अगदी अर्धी" म्हणायचं आणि मग दोन खायच्या. हे कुणी कुणाला शिकवत नाही, चालायला कुठे कोण शिकवतं? दत्तात्रयच्या बदलीमुळे ती एकोणतीस वर्षांपूर्वी कोलकात्यात आली, इथलीच झाली, पण ती सवय काही सुटली नाही. सुटणार कशी? इथे तर पाच-पाचदा विचारतात. भौमिकबाईंकडे संदेशची मिठाई नको म्हणायचं तर डॉक्टरची चिठ्ठी न्यावी लागते.

मार्लेन मात्र सरळ बाई. नको म्हणजे नको, असं तिला वाटलं. चीजचे गरमागरम, तळलेले क्रोकेट आले, लिंबाच्या फोडीसकट. नो, नो. लोण्यात घोळलेलं, वर उकडलेलं अंडं किसलेलं पांढरं अ‍ॅस्परॅगस आलं. नो, नो. साधं पाणी विचारलं, तेव्हासुद्धा नो, नो. सुरुचीनं आईसाठी न विचारताच भाज्यांचं सूप मागवलं होतं, तेवढं पोटात गेलं. सुरुची आणि योरिस त्या वेळी एकमेकांकडे बघण्यात इतके गुंग होते की समोर आई उपाशी बसली आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. दत्तात्रयला ही अडचण नव्हती. तो मेनूवर बोट ठेवत होता आणि आलेलं खात होता.

शेवटी जेवण आटोपलं असं समजून शकुन हात धुवायला गेली. बाथरूम तळघरात, जिना गरगर फिरणारा, दिवा मध्येच विझणारा. परत आली तर सगळे योरिसचे लहानपणचे फोटो बघत होते आणि टेबलावर आइस्क्रीमचे चार पेले होते. तिच्या खुर्चीसमोर एकही नव्हता.

"दाम ब्लांश," मार्लेन चमचा चाटत म्हणाली. "इथलं फार छान असतं."

"येस, येस," शकुन म्हणाली आणि हसली. हॉटेलवर आल्यावर तिनं बॅगेतल्या शंकरपाळ्यांचा डबा उभ्याउभ्याच संपवला.

इथपर्यंत ही फक्त तिच्या पोटाची गोष्ट होती. दोन दिवसांनी सुरुची हॉटेलवर आली आणि ती सगळ्यांची झाली.

"आई, एक विचारू? तुला हे लग्न नकोय का?"

"कोण म्हणालं?"

"मार्लेन विचारते. ती म्हणाली, तुझ्या आईनं आमच्याकडून काहीच घेतलं नाही. पाणी पण नाही."

शकुननं कोलकात्याला परतल्यावर बालुचरी साडीचा स्टोल पाठवला. उलट टपाली सुबक कार्ड आलं, चार ओळींचं. तिनं नाताळात फोन केला. मार्लेननं हवेची चौकशी केली. दहा महिने हे असंच चाललं: सगळं व्यवस्थित, आणि मध्ये एक काच. आता येत्या मे महिन्यात लग्न होतं. आदल्या दिवशी पुन्हा जेवण होतं, त्याच रेस्टॉरंटमध्ये, त्याच टेबलावर. शकुननं मनाशी ठरवलं होतं, या वेळी काहीही होवो, तुमचा मुलगा आम्हाला पसंत नाही असं विहिणीला वाटता कामा नये. म्हणजेच पहिल्या फटक्यात "हो" म्हणता आलं पाहिजे.

"यात काय अवघड आहे?" दत्तात्रय म्हणाला. तो शेवटची सहा वर्षं बँकेच्या स्टाफ ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होता. "हा स्वभावाचा प्रश्न नाही, रिफ्लेक्सचा आहे. रोल प्ले घेऊ."

या बाबतीत त्याचा उत्साह गेंटहून आल्यापासूनच जरा जास्त होता. शकुनला ते जाणवलं, पण निवृत्त माणसाला काहीतरी हवंच असतं, म्हणून तिनं सोडून दिलं.

तालीम एक.

"मॅडम, ब्रेड?"

"नको."

"शकुन."

"अहो, आत्ताच पोहे झालेत."

"तू गेंटमध्ये आहेस."

"गेंटमध्ये पंचा टाकून येत नाहीत हातावर."

"मुद्द्यावर ये. मॅडम, ब्रेड?"

"तुम्ही घेतलात का?"

"वेटरला असं विचारत नाहीत!"

"का? त्याला पोट नसतं?"

तालीम तीन. (तालीम दोनमध्ये फोन आला आणि मग दूध उतू गेलं.) दत्तात्रयच्या लक्षात आलं की तोंडाच्या आधी हात बोलतो. ब्रेड म्हणायचा अवकाश, शकुनचा उजवा हात आपोआप ताटावर आडवा. म्हणून त्यानं तिच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले तांबे दिले.

"आता बघू. मॅडम, ब्रेड?"

उजवा हात तांब्यासकट ताटावर गेला. पाव भिजला, टेबलक्लॉथ भिजला, आणि दत्तात्रयनं उत्तराचे तीन सेकंद मोजायला ठेवलेला घड्याळाचा टोमॅटो पाण्यात टिकटिकत राहिला.

तालीम सहा. येस हा शब्द वीस वेळा मोठ्यानं म्हणणे. शेजारच्या फ्लॅटची खिडकी उघडली, मग बंद झाली.

या सहाव्या तालमीनं मात्र गुण दाखवला, फक्त भलत्या ठिकाणी. त्याच दुपारी भौमिकबाई दारात आल्या. दीघ्याला समुद्रावर जायचं होतं, तीन दिवस बुल्टीला ठेवून घ्याल का? शकुनच्या तोंडून खाडकन "हो" गेलं. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या, म्हणजे आपल्याच गल्लीतल्या, पूजा कमिटीची माणसं आली: दीदी, यंदा सांस्कृतिक विभाग तुम्ही बघाल? हो. फोनवर एक मुलगी कसलीशी पॉलिसी घेऊन आली, तिलाही हो, नंतर ते निस्तरायला दत्तात्रयला अर्धा दिवस लागला. मासेवाल्यानं सवयीनं विचारलं, बौदी, पाबदा देऊ? शकुन जन्मात मासा खाल्लेली बाई नाही. ती पाव किलो पाबदा घेऊन वर आली. बुल्टीनं पहिल्यांदाच तिच्याकडे आदरानं पाहिलं. मांजर नऊ दिवस राहिलं ते त्यामुळेच.

आणि त्याच संध्याकाळी, टेबलाशी:

"मॅडम, ब्रेड?"

"नको हो."

दत्तात्रयनं पंचा खुर्चीवर टाकला. "मांजराला हो. पॉलिसीला हो. पावाला नको! तुझं करू काय मी?"

"ते काम होतं. हे खाणं आहे."

"फरक काय?"

शकुननं विचार केला.  समोरच्यानं एकदा विचारावं आणि आपण लगेच हात पुढे करावा, म्हणजे आपण कधीपासून भुकेलेले बसलो होतो हे उघडंच पडतं की. ते उघडं पडायच्या आधी समोरच्यानं थोडे कष्ट घ्यावेत, एवढंच. पण हे बोलायलासुद्धा तिला लाज वाटली. ती बुल्टीला दूध घालायला उठली.

दत्तात्रयनं त्या आठवड्याचा अहवाल फुलस्केपवर लिहिला. *प्रशिक्षणार्थीची बलस्थानं: नकार गोड आवाजात देते. सुधारणेस वाव: सर्वत्र. शिफारस: प्रत्यक्ष क्षेत्रीय चाचणी.*

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी ते मेट्रोनं पार्क स्ट्रीटला उतरले. दत्तात्रयनं जे रेस्टॉरंट निवडलं होतं तिथे ब्रिटिशांच्या वेळेपासून बेक्ड व्हेजिटेबल मिळतं आणि पंखेही बहुधा तेव्हाचेच आहेत. युरोपच्या जवळात जवळचं म्हणून ते. आत शिरल्यावर त्यानं शकुनला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि स्वतः पलीकडच्या टेबलावर बसला.

"हे काय?"

"मी निरीक्षक. माझ्याकडे बघायचं नाही." त्यानं फुलस्केप काढला.

वेटर आला. केस पांढरेशुभ्र, कोट त्याहून पांढरा, छातीवर पितळी पट्टी: अनिल. चाळीसेक वर्षं इथेच काढली असावीत, कारण खुर्ची सरकवताना त्यानं खाली बघितलंही नाही. त्यानं ब्रेड रोलची टोपली पुढे केली.

"मॅडाम, ब्रेड?"

शकुननं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. श्वास घेतला. पलीकडच्या टेबलावर पेन सरसावलं.

"नको. मतलब, नहीं."

पलीकडून एक दीर्घ उसासा.

आणि इथे अशी गोष्ट घडली जी अभ्यासक्रमात कुठेच नव्हती. टोपली मागे गेली नाही.

"केनो?" अनिल म्हणाला. "शरीर ठीक नहीं?"

"ठीक है, ठीक है."

"तो एक लीजिए ना. अभी निकला है तंदूर से. हाथ लगाके देखिए, गरम."

"नहीं, सच में..."

"एकटू," अनिल म्हणाला आणि चिमट्यानं रोल तिच्या बशीत ठेवला. लोणीही लावलं. मग तो तिथेच उभा राहिला, पहिला घास जाईपर्यंत.

सूप आलं. नहीं. मग हाफ? नहीं. मग मॅडाम, थोड़ा चख के बताइए, आज नया कुक है. शकुननं सगळं संपवलं. बेक्ड व्हेजिटेबलच्या वेळी तिनं हातसुद्धा आडवा धरला आणि अनिलनं अत्यंत सफाईनं, बोटांना धक्का न लावता, करंगळीच्या बाजूनं वाढलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काहीसं चीज गरम होतं म्हणून, काहीसं नाही.

"डोंट आस्क अगेन!" दत्तात्रय शेवटी पलीकडून ओरडलाच. "एक बार पूछो और जाओ!"

अनिल सावकाश वळला. "आपनी के?"

"मैं इनका हजबंड हूँ."

अनिलनं त्या टेबलाकडे पाहिलं, मग या टेबलाकडे, मग फुलस्केपकडे. "तो उधर क्यों बैठे हैं? और लिख क्या रहे हैं? ये कितना खाया?"

आसपासच्या दोन टेबलांवरचे चमचे थांबले.

"नहीं, नहीं, ये ट्रेनिंग है," दत्तात्रय म्हणाला.

"बीवी को नहीं खाने का ट्रेनिंग?"

"खाने का! खाने का ट्रेनिंग!"

"दादा," अनिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चाळीस वर्षांचे नवरे होते, "उठिए. इधर आइए. साथ बैठिए." दत्तात्रय फुलस्केपसकट उठला आणि बायकोसमोर येऊन बसला. अनिलनं शकुनसमोर कॅरमेल कस्टर्ड ठेवलं, जे तिनं मागवलं नव्हतं. दत्तात्रयसमोर काहीच ठेवलं नाही.

"नापास," दत्तात्रय पुटपुटला. "शून्य. आणि हा माणूस सगळं बिघडवतोय. गेंटला कोण असा..."

"अहो," शकुन म्हणाली. कस्टर्ड थरथरत होतं. "आपण एक महिना मला शिकवतोय."

"शिकवतोच आहे."

"तिला का नाही सांगितलं?"

"कुणाला?"

"मार्लेनला."

दत्तात्रयनं फुलस्केप उलटून पाहिला. ट्रेनिंग कॉलेजच्या सहा वर्षांत ग्राहकाला काही सांगायचा विषय कधी निघालाच नव्हता.

शकुननं घड्याळ पाहिलं. दीड. तिकडे सकाळचे दहा. शनिवारी सुरुची लग्नाच्या याद्या करायला मार्लेनकडेच असते. तिनं व्हिडिओ कॉल लावला.

"हे अभ्यासक्रमात..." दत्तात्रय म्हणाला.

"गप्प बसा हो."

पडद्यावर सुरुची आली. "आई? तू कुठे आहेस? मागे ते पांढऱ्या कोटवाले कोण?"

"ते नंतर. मार्लेनला दे."

"धुत्, आई, आत्ता ती वॅफल करते..."

"दे म्हटलं ना."

मार्लेन आली, गालाला पीठ लागलेलं, चेहरा नाताळातल्या फोनसारखा व्यवस्थित. शकुन एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं कस्टर्ड बाजूला सारायला लागली तेव्हा अनिलनं फोन काढून घेतला आणि सॉसच्या बाटलीला टेकवून नीट उभा केला. मग तो गेला नाही.

शकुनचं इंग्रजी बँकेतल्या बायकांच्या भिशीपुरतं होतं. वाक्यं तुकड्या-तुकड्यांनी आली, आणि त्यातला एकेक तुकडा पातेल्याच्या तळाशी लागलेल्या भातासारखा खरवडून काढावा लागला.

"मार्लेन. मागच्या जूनमध्ये," ती म्हणाली, "मला भूक लागली होती."

मार्लेनच्या कपाळावर आठी पडली. "कधी?"

"पूर्ण वेळ. मला पाव हवा होता. ते चीजचं हवं होतं. ते पांढरं, अंडं घातलेलं, ते तर फारच हवं होतं. मला पाणी पण हवं होतं."

"पण तुम्ही नाही म्हणालात."

"हो. आमच्याकडे पहिलं नाही हे नाही नसतं. दुसरं पण नसतं. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा आम्ही घेतो."

पलीकडे वॅफलच्या यंत्रातून शिट्टीसारखा आवाज आला आणि कुणीतरी, बहुधा योरिसनं, तो बंद केला.

"मी एकदाच विचारलं," मार्लेन हळूच म्हणाली.

"तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"आणि तुम्ही तिथे बसून वाट बघत होतात."

"हो."

"दोन तास."

"हो. आणि मला ते आइस्क्रीम हवं होतं. सगळ्यात जास्त ते."

दत्तात्रयनं या वेळी कस्टर्डचा चमचा उचलून त्याची पाठ निरखायला सुरुवात केली.

मार्लेननं पीठ लागलेल्या हातानं तोंड झाकलं. ती रडते की काय असं शकुनला वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते, आणि ते नाताळासारखं व्यवस्थित हसणं मुळीच नव्हतं. मग ती एकदम थांबली. तिनं फोन जवळ घेतला, इतका की पडद्यावर फक्त डोळे आणि कपाळ राहिलं.

"मग मी दहा महिने जे समजत होते... मला विचारायचंय. योरिस तुम्हाला..."

"येस," शकुन म्हणाली.

प्रश्न अजून अर्धाच झाला होता. हात मांडीखाली दाबावे लागले नाहीत, वीस वेळा म्हणून बघावं लागलं नाही. तो शब्द पॉलिसीसारखा खाडकनही गेला नाही. आला तो, एवढंच. दत्तात्रयनं फुलस्केपवर काहीतरी लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

पण मार्लेन आता नियम शिकली होती, आणि ती नियम पाळणारी बाई होती.

"नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "हे पहिलंच झालं. मी तीनदा विचारलं पाहिजे ना?"

"नाही नाही, ते फक्त नाहीच्या वेळी..."

"योरिस तुम्हाला आवडतो का?"

"येस."

"नक्की? थोडासा?" मार्लेन म्हणाली.

"येस!" शकुन ओरडली, आणि आसपासच्या टेबलांवर काय चाललंय हे न कळताही एका गृहस्थांनी टाळी वाजवली. सुरुची मागून "आई, तुम्ही दोघी काय करताय?" म्हणत होती आणि तिचा आवाज मध्येच चिरकला.

"छान," मार्लेन म्हणाली. तिनं नाक पुसलं आणि त्याबरोबर नाकालाही पीठ लागलं. "आता मे महिन्यातलं. मी आजच टेबल सांगते. शकुन, दाम ब्लांश घेणार?"

"नो, नो," शकुन म्हणाली.

पडद्यावर मार्लेननं एक बोट वर केलं आणि वाट बघत बसली. पार्क स्ट्रीटला अनिलनंही, कुणी न सांगता, एक बोट वर केलं.

गेंटला त्या दिवशी शकुन तळघरात हात धूत होती तेव्हा वेटरनं तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून आइस्क्रीम आणू का असं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा दत्तात्रयनं नको म्हणून सांगितलं होतं.